फी माफ झाली, घरकाम कधी माफ होणार?

८ जुलै २०२४ रोजी महाराष्ट्र शासनाने एक निर्णय काढला. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास या प्रवर्गांतल्या मुलींसाठी तो आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल आणि केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला, तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ. डॉक्टर आणि दंतवैद्य होण्याचं शिक्षणही यात आलं. निर्णय चांगला आहे, त्याचं स्वागतच केलं पाहिजे. पण त्याचा लाभ घ्यायचा तर आधी प्रवेश मिळायला हवा. प्रवेशासाठी ‘नीट’ परीक्षेत गुण हवेत आणि गुणांसाठी वेळ हवा. फी सरकारने माफ केली. मुलीचं घरकाम कोण माफ करणार?

हा प्रश्न सगळ्या महाराष्ट्राचा आहे. पण तो किती बोचरा आहे हे पाहायचं असेल, तर देवगडच्या एप्रिल महिन्याकडे बघावं.

दंतवैद्यकाच्या बीडीएस अभ्यासक्रमाचा प्रवेश आता ‘नीट’मधूनच होतो. डॉक्टरकीला जी परीक्षा, तीच दाताच्या डॉक्टरकीलाही. २०२३ साली ती ७ मे रोजी झाली, २०२४ साली ५ मे रोजी, २०२५ साली ४ मे रोजी. तिन्ही वेळा मे महिन्याचा पहिला रविवार. बारावीच्या बोर्डाचे पेपर संपतात मार्चमध्ये. म्हणजे बोर्ड संपल्यापासून ‘नीट’पर्यंत हातात उरतात सुमारे पंचेचाळीस दिवस. दोन वर्षांत जे वाचलं, त्याची उजळणी करायची, चुका शोधायच्या, वेळ लावून पूर्ण पेपर सोडवायचे, ते याच दिवसांत. शेवटच्या दिवसांत नवं काही फारसं शिकता येत नाही, पण शिकलेलं पक्कं करता येतं. म्हणूनच हे दिवस मोलाचे.

आता हेच पंचेचाळीस दिवस देवगडच्या घरात कसे असतात ते पाहू. मार्चमध्ये शिमगा. देवाची पालखी घरोघर येते, आल्यागेल्याचं करावं लागतं. शिमगा सरतो न सरतो तोच हापूसचा हंगाम भरात येतो. ज्या देवगड हापूसचं नाव जगभर घेतलं जातं, ज्याला २०१८ साली कोकणच्या हापूसबरोबर भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा सगळा पैका एप्रिल-मे या दोन महिन्यांत हाती यायचा असतो. सकाळी झेल्याने आंबा उतरवायचा, दुपारी निवडायचा, लहानमोठा वेगळा काढायचा, पेट्या भरायच्या आणि संध्याकाळच्या गाडीने वाशीच्या बाजाराकडे रवाना करायच्या. बागेत राबायला आलेल्या गड्यांचं, नेपाळहून आलेल्या राखणदारांचं चहापाणी आणि जेवण घरातूनच. याच दिवसांत मुंबईचे चाकरमानी मुलाबाळांसह गावी येतात. लग्नसराई असते. काजूच्या बिया वेचायच्या असतात, आंब्याची साठं घालायची असतात, सोलं सुकवायची असतात. पावसाच्या तोंडावर आगोटीची बेगमी करायची ती याच उन्हात.

म्हणजे घरातल्या बाईला वर्षात सगळ्यांत जास्त काम जेव्हा असतं, नेमके तेच दिवस मुलीच्या अभ्यासाचे शेवटचे दिवस. परीक्षेची तारीख दिल्लीत ठरते, आंबा आपल्या वेळेला पिकतो. यात कुणाचाच दोष नाही. दोष पुढे सुरू होतो. या दोन गोष्टी एकाच वेळी अंगावर आल्या की कोणती मागे सारायची, हे घरात कुणीही न बोलता ठरलेलं असतं. मुलगा ‘नीट’ला बसला असेल तर त्याची खोली वेगळी काढतात, पाहुण्यांना हळू बोलायला सांगतात. मुलगी बसली असेल तर तिला सांगतात, ‘गो बाय, वायच येतंस?’

या ‘वायच’चा हिशोब आपण कधी मांडतच नाही. वायच पाणी दे, वायच भाकऱ्या थाप, वायच पेट्या मोज, वायच बाळाला घे. एकेक काम पाच-दहा मिनिटांचं. कुणी मुलीचा छळ करत नाही, कुणी तिची पुस्तकं चुलीत घालत नाही. उलट गावभर अभिमानाने सांगतात की आमचं चेडू डॉक्टरकीची परीक्षा देतंय. पण दिवस संपतो तेव्हा तिच्या हाती जे तास आलेले असतात, त्यांचे तुकडे तुकडे झालेले असतात.

तुकड्यातुकड्यांत पाठांतर होईल एखाद्या वेळी. या परीक्षेची तयारी होत नाही. २०२५ च्या ‘नीट’ला १८० प्रश्न होते आणि १८० मिनिटं. जीवशास्त्राचे ९०, भौतिकशास्त्राचे ४५, रसायनशास्त्राचे ४५. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीच्या उत्तराला एक गुण वजा. एका प्रश्नाला सरासरी एक मिनिट. डोकं सलग तीन तास एका जागी ठेवण्याची सवय नसेल, तर येत असलेलं उत्तरही चुकतं. आणि ही सवय वाचून लागत नाही, बसूनच लागते.

पेपरची वेळ बघा. दुपारी दोन ते पाच. शेवटच्या आठवड्यांत सराव त्याच वेळेला करावा असं कुठलाही जाणता शिक्षक सांगेल, कारण शरीरालाही वेळेची सवय लागते. पण दुपारी दोन ते पाच म्हणजे घरात नेमकं काय चाललेलं असतं? पुरुषांची जेवणं होऊन ते जरा आडवे झालेले असतात. बायकांची मागची पंगत उठत असते. मग उष्टी-खरकटी, भांडी, उन्हातलं वाळवण, चारचा चहा आणि आंब्याची निवड. ज्या तीन तासांत देश तिची परीक्षा घेणार, त्या तीन तासांत आपल्या घरात ती एकही दिवस मोकळी नसते.

साधं गणित मांडू. घरकामात दिवसाचे दोनच तास जातात असं धरा, हंगामात जास्तच जातात. पंचेचाळीस दिवसांचे झाले नव्वद तास. म्हणजे तीन तासांचा एक, असे तीस सराव पेपर. शेजारच्या घरातला तिच्याच वर्गातला मुलगा हे तीस पेपर सोडवून परीक्षेला जातो, ती न सोडवता जाते. निकाल लागला की म्हणतात, ‘मुलगी हुशार होती, पण जरा कमी पडली.’ ती कमी पडलेली नसते. तिचे तीस पेपर कमी पडलेले असतात.

केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०२४ साली देशभर लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो, असं काम करणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटं. २०१९ च्या पाहणीत हेच आकडे २९९ आणि ९७ होते. पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं वाचली. पण ती काही पुरुषाने उचलली नाहीत, त्याने स्वतःचीही नऊ कमी करून घेतली!

आणि तरीही मुली काय करून दाखवतात बघा. २०२५ साली ‘नीट’ला नाव नोंदवणाऱ्या मुली १३ लाखांहून जास्त होत्या, मुलगे १० लाखांच्या आत. पात्र ठरलेल्या मुली सुमारे ७ लाख २२ हजार, मुलगे सुमारे ५ लाख १४ हजार. पण देशातल्या पहिल्या दहांत मुलगी एकच. याला कारणं अनेक असतील. मोठ्या शहरांतले महागडे क्लास, मुलाला दूर पाठवण्याची आणि मुलीला घरी ठेवण्याची रीत, हे सगळं त्यात आहे. पण जिथे एकेका गुणाने हजारो जण पुढे-मागे होतात, तिथे हातात किती सलग तास होते हा प्रश्न बाजूला सारता येणार नाही. पात्र ठरणं म्हणजे जागा मिळणं नव्हे. परवडेल अशी शासकीय दंत महाविद्यालयं मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर अशा दूरच्या शहरांत आहेत आणि तिथल्या जागा मोजक्या. पंधरा-वीस गुण इकडचे तिकडे झाले की मुलीची जागा हुकते.

यावर आपल्याला जी उत्तरं ऐकवली जातात, त्यांचाही समाचार घ्यायला हवा.

पहिलं उत्तर: ‘थोडं काम केल्याने काय बिघडतं? अभ्यासाचा कंटाळा जातो, हात-पाय मोकळे होतात.’ छान. मग हात-पाय मोकळे करण्याची गरज मुलग्यांनाही असणारच. त्यांना या औषधापासून का वंचित ठेवता? त्यांच्याही हाती रोज भांडी द्या.

दुसरं उत्तर: ‘जिद्द असली की सगळं जमतं. पूर्वीच्या बायका कशा शिकल्या?’ पूर्वीच्या बायका कशा शिकल्या ते त्यांनीच लिहून ठेवलं आहे. रमाबाई रानडे यांचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक १९१० साली आलं. नवरा स्वतः शिकवायला तयार असूनही, घरातल्या बायकांचा रोष सोसत, कामं उरकून अक्षर गिरवताना काय यातना होतात, हे त्यात वाचायला मिळतं. त्यांनी ते सोसलं ते पुढच्या पोरींना सोसावं लागू नये म्हणून. आपण त्या सोसण्याचाच दाखला करून पुढच्या पोरींच्या तोंडावर फेकतो. शंभरातली एक मुलगी सगळं उरकून पहिली येते आणि तिच्या सत्काराच्या भाषणात ‘घरची सगळी कामं करून’ असं कौतुकाने सांगितलं जातं. उरलेल्या नव्व्याण्णव जणींना त्या वाक्याने आणखी दाबलं जातं. तिचा सत्कार जरूर करावा. पण तिच्या घरच्यांना विचारावंही, की तुम्ही तिला कामं का करायला लावलीत?

तिसरं उत्तर जास्त गोड आहे म्हणून जास्त घातक आहे. ‘मुलीला एमबीबीएसपेक्षा दाताची डॉक्टरकी बरी. रात्रीअपरात्रीची धावपळ नाही. सकाळ-संध्याकाळ दवाखाना, दुपारी घर. संसार सांभाळून करता येतं.’ हे बोलणारी माणसं मुलीच्या भल्याचंच बोलतो असं मानतात. पण नीट कान देऊन ऐका. मुलीने कोणता व्यवसाय निवडावा हेसुद्धा तिच्या दिवसातले किती तास दुसऱ्यांसाठी शिल्लक राहतील यावरून ठरतंय. सतराव्या वर्षी अभ्यासातून उठून भाकऱ्या थापायच्या आणि तिसाव्या वर्षी दवाखाना मिटून भाकऱ्या थापायच्या. मुलाला कुणी सांगतं का, की दंतवैद्यक घे, म्हणजे दुपारी पोरांना जेवू घालायला घरी येता येईल?

दंतवैद्यक हे काही हलकं काम नव्हे, की ते संसारातून उरलेल्या वेळात उरकावं. आपल्या कोकणात बायकांना मिश्रीची सवय जुनी. तंबाखू भाजून केलेली ही पूड दिवसातून चारदा हिरड्यांवर फिरते. तोंडातला पांढरा चट्टा, न भरणारी जखम ही कर्करोगाची सुरुवात असू शकते, आणि ती आधी दिसली तर माणूस वाचतो. ती पहिल्यांदा बघणारी व्यक्ती पुष्कळदा दातांची डॉक्टर असते. मिश्री लावते हे पुरुष डॉक्टरपुढे कबूल करायला बाई लाजते, तोंड उघडायला टाळते. आपल्याच तालुक्यातली, आपली बोली बोलणारी डॉक्टर असेल तर ती मोकळेपणी बोलेल. आज अभ्यासातून उठवलेली मुलगी ही उद्या अशा कित्येक बायकांना न भेटलेली डॉक्टर असते.

चौथं उत्तर मात्र आपल्याच चळवळीतून येतं आणि त्याला मान देऊन बोललं पाहिजे. काही कार्यकर्त्या म्हणतात, ‘ही परीक्षाच अन्यायाची आहे. क्लासवाल्यांचं भलं करणारी, शहरी आणि पैसेवाल्यांच्या बाजूची. डॉक्टर होऊ पाहणाऱ्या थोड्या मुलींसाठी स्त्री चळवळीने का झिजावं? मजूर बायकांचे प्रश्न काय कमी आहेत?’

परीक्षेबद्दलचा त्यांचा राग खरा आहे. २०१७ साली तामिळनाडूतल्या अरियलूर जिल्ह्यातल्या अनिता या दलित मजुराच्या मुलीला बारावीत १२०० पैकी ११७६ गुण होते. ‘नीट’ने तिची वाट अडवली. ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि शेवटी तिने जीव दिला. २०२४ साली पेपरफुटीने सगळा देश ढवळून निघाला. या परीक्षेविरुद्ध लढणाऱ्यांनी लढावं, आपणही त्यांच्याबरोबर असावं. पण परीक्षा बदलेपर्यंत यंदाच्या मुलीने काय करायचं? तिच्यापुढे मे महिन्याचा रविवार उभा आहे. आणि घरातल्या तासांचा प्रश्न परीक्षा बदलल्याने सुटत नाही. तलाठ्याची परीक्षा असो, पोलीस भरती असो, नर्सिंग असो, पुस्तक उघडलं की ‘वायच’ येतंच. मजूर बाईच्या प्रश्नापासूनही हा वेगळा नाही. घरकामाला मोल नाही, म्हणून ते करणारीच्या वेळेलाही मोल नाही. १९७५ साली पुण्याला स्त्रीमुक्ती परिषद भरली, तेव्हापासून आपण हेच सांगत आलो.

शिवाय देवगडमध्ये सगळ्यांच्याच बागा आहेत असं नाही. ज्यांच्या बागेत आंबा निवडला जातो त्यांची एक मुलगी, आणि जी रोजाने निवडायला येते तिचीही एक मुलगी. दुसरीची अवस्था अधिक बिकट. हंगामातली मजुरी बुडवली तर पावसाळ्याचं काय, म्हणून आईबरोबर तीही कामाला जाते, किंवा आई कामावर गेल्यावर चूल आणि धाकटी भावंडं सांभाळते. मासे विकायला पहाटे बंदरावर जाणाऱ्या बाईच्या घरीही तेच. या मुलींना ‘अभ्यासाला वेळ काढ’ असं सांगणं हा उपदेश नसून थट्टा आहे. त्यांच्यासाठी घरच्यांचं मन वळवणं पुरेसं नाही. तिथे जागाही हवी आणि थोडा पैसाही.

आणखी एक धोका आताच सांगून ठेवते. मुलीला मोकळं करायचं म्हटलं की घरात काम कुणाच्या अंगावर जातं? आईच्या. ‘तू बस गो, मी बघतंय,’ असं म्हणून आई पहाटे चारला उठते, मुलीच्या वाटणीचंही उपसते. किंवा चौदा वर्षांची धाकटी बहीण ताईच्या जागी उभी राहते. अशा त्यागाच्या कथा आपल्याला फार आवडतात. पण हा सुटलेला प्रश्न नाही, एका बाईच्या पाठीवरून दुसरीच्या पाठीवर ढकललेलं ओझं आहे. मुलीचे तास बापाच्या, भावाच्या, काकाच्या वाट्याला गेले तरच काही बदललं असं म्हणायचं. मुंबईहून आलेले चाकरमानी हापूस खायला येतात, तसे पिठात हात घालायलाही येऊ शकतात. चार दिवसांचे पाहुणे असतील तर स्वतःची ताटं तरी विसळतील.

तेव्हा मैत्रिणींनो, नुसतं हळहळून चालणार नाही. तालुक्यातल्या महिला मंडळांनी, बचत गटांनी मनावर घेतलं तर येत्या हंगामाआधी करता येतील अशा गोष्टी आहेत.

एक, पंचेचाळीस दिवसांचा घरठराव. बोर्डाचा शेवटचा पेपर झाला की त्या आठवड्यात गटातल्या बायकांनी परीक्षेला बसणाऱ्या मुलीच्या घरी जावं. आईशी तर बोलावंच, पण बापाला आणि भावाला समोर बसवून बोलावं. मुलीचं कोणतं काम कोण करणार, हे नावानिशी कागदावर लिहून भिंतीला लावावं. ‘सगळे मिळून करू’ असं लिहू नये. ‘सगळे’ म्हणजे शेवटी आईच, हे आपण जाणतो.

दोन, दुपारी दोन ते पाच ही वेळ राखीव. बाकी काही जमलं नाही तरी एवढं जमवावंच. या तीन तासांत तिला हाक मारायची नाही. पेटी भरायची राहिली तर राहू दे, चहा उशिरा झाला तर होऊ दे.

तीन, गावात अभ्यासाची जागा. एप्रिलमध्ये दुपारी शाळेच्या खोल्या मोकळ्या असतात, ग्रामपंचायतीचं सभागृह असतं. ग्रामसभेत ठराव मांडून, पंखा, पाणी आणि स्वच्छ संडास असलेली एक खोली दीड महिना मागून घ्यावी. गटातली एक बाई आळीपाळीने तिथे बसली तर पोरींना एकटं पाठवायची भीती राहणार नाही. घरात न मिळणारी शांतता तिथे मिळेल, आणि एकमेकींचे पेपर तपासता येतील. तालुक्यात शिकणाऱ्या, शिकवणाऱ्या बायका काही कमी नाहीत. आठवड्यातून एक दुपार त्यांनी द्यावी.

चार, रोजंदारीवरच्या घरांसाठी मदत. बचत गटाच्या पैशातून अशा मुलीच्या बुडालेल्या मजुरीपुरतं तरी काही द्यावं. ते दान म्हणून नको, गटाने ठरवलेली रक्कम म्हणून. ज्यांच्या पेट्या चांगल्या भावाने गेल्या, त्या बागायतदारांकडेही हक्काने मागावं. त्यांचे आंबे याच हातांनी निवडले आहेत.

पाच, ज्या घरी यंदा मुलगा परीक्षेला बसतोय, त्या घरीही जावं. त्याच्यासाठी जी शांतता पाळली जाते, तिची नोंद घ्यावी. पुढच्या वर्षी त्याच घरातली मुलगी बसेल, तेव्हा तीच शांतता मागायला ती नोंद कामाला येईल.

यातलं काहीही फार खर्चाचं नाही. अवघड आहे ते एवढंच, की ज्या घरात बायकांचा वेळ वाऱ्यासारखा फुकट समजला जातो, तिथे तो मागून घ्यावा लागेल. ऐंशीच्या दशकात सरकारने मुलींचं बारावीपर्यंतचं शिक्षण मोफत केलं. १९९४ साली महाराष्ट्राने महिला धोरण आणलं. २०२४ साली व्यावसायिक शिक्षणाची फी माफ झाली. इथवर आपण मागत गेलो आणि थोडं थोडं मिळत गेलं. पण घरातल्या चुलीपर्यंत कुठलाही शासननिर्णय पोचत नाही. तिथे आपल्यालाच जावं लागेल.

आंबा दरवर्षी येणार आहे. पाहुणेही येणार आहेत. मुलीची बारावी एकदाच येते. तिच्या पंचेचाळीस दिवसांतले दुपारचे तीन तास कुणाचे, याचं उत्तर येत्या मार्चच्या बैठकीत प्रत्येक गटाने लिहून द्यावं आणि त्याखाली घरातल्या पुरुषांच्याही सह्या घ्याव्यात.